पहिलं नको

पांढऱ्या हातमोज्यांतला वेटर सूपचं भांडं घेऊन आमच्या टेबलाशी आला, कमरेत किंचित वाकला आणि आत्याला म्हणाला, "सूप, मेमसाहब?"

"नहीं नहीं, रहने दीजिए," आत्या संकोचून हसली. खांद्यावरचा पदर सारखा केला आणि आता हा पुन्हा विचारणार म्हणून जरा सरसावून बसली.

वेटर पुन्हा तेवढाच वाकला आणि भांडं घेऊन निघून गेला.

आत्या त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "गेला गं तो!"

"तूच नको म्हणालीस."

"अगं, पहिल्या फटक्यात हो म्हणतं का कुणी? लोकांना वाटेल, बाईला घरी खायला मिळत नाही."

मी काही बोलले नाही, कारण माझ्या तोंडात सूप होतं. मी पहिल्याच फटक्यात हो म्हटलं होतं.

पुढे सगळ्या जेवणभर हेच चाललं. भाज्या आल्या, "नहीं, बस." पुलाव आला, "नहीं नहीं, रहने दीजिए." शेवटी कॅरॅमल कस्टर्ड आलं. ते बशीत असं काही डुलत होतं की आत्याची नजर त्याच्यावरून हलेना. पण तोंडानं सवयीनं घात केला. "नहीं," ती म्हणाली आणि कस्टर्ड डुलत डुलत पलीकडच्या टेबलावर गेलं. टेबलावर आधीपासून ठेवलेला पाव तेवढा तिनं खाल्ला, कारण त्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं.

खोलीत आल्यावर आम्ही दार लावून घेतलं, पलंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि नागपूरहून आणलेला डबा उघडला. गाडीत खाऊन उरलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्राबर्फी. कलकत्त्यातल्या हॉटेल पर्सिव्हलच्या मऊ पलंगावर मांडी घालून बसत आत्यानं दशमीचा तुकडा मोडला.

"एवढं मोठं हॉटेल," ती म्हणाली, "आणि माणसाला उपाशी ठेवतात!"

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला अष्टौप्रहर भूक लागलेली असायची. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण हेमलता पिंपळापुरे, नागपुरात एका सरकारी कंपनीच्या कचेरीत स्टेनो होती. चाळिशी उलटून गेलेली, लग्न झालेलं नव्हतं, राहायला आमच्याकडे. खरं तर आम्हीच तिच्या जिवावर राहत होतो. आजोबांचं, म्हणजे अण्णांचं, आजारपण तिनं काढलं, आईची बाळंतपणं तिनं केली, माझी इंग्रजीची वही रोज रात्री तिनं तपासली. घरात कुणाला नवीन काही आणायचं झालं की बाबा विचारायचे, "हेमे, तुला काय हवं?" ती म्हणायची, "मला काही नको," आणि विषय तिथेच संपायचा.

ऑफिसची प्रवास-सवलत तिनं कधी वापरली नव्हती. त्या वर्षी ती कलकत्त्याला जाते म्हणाली, तेव्हा घरातल्यांना वाटलं दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ. सोबतीला मला धाडलं. आम्ही खरं तर श्रीपाद कारखानीसांना भेटायला निघालो आहोत, हे तिनं मला गाडी गोंदियाच्या पुढे गेल्यावर सांगितलं. आता मला उतरून घरी जाऊन सांगणं शक्य नव्हतं.

हे कारखानीस आदल्या वर्षी आत्याच्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला नागपुरात आले होते. पंगतीत आत्या जिलबी वाढत होती. कारखानीस म्हणाले, "नको." आत्यानं दोन टाकल्या. ते म्हणाले, "अहो, नको म्हटलं ना मी." आत्यानं आणखी एक टाकली. आमच्याकडे एवढं तर कुणीही करतं. जेवणं उरकल्यावर हे गृहस्थ तिला शोधत मांडवामागे आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, पानात टाकायचं नाही म्हणून मी सगळ्या खाल्ल्या. पण मी नको म्हणतो तेव्हा मला खरोखरच नको असतं."

असा माणूस आत्यानं जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन तिनं त्यांना क्षमेचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. मग वर्षभर ऑफिसच्या पत्त्यावर पत्रं येत राहिली.

"आता ते काहीतरी विचारतील, असं वाटून राहिलं मला," आत्या गाडीत म्हणाली.

"मग तू काय सांगशील?"

"बघू," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पण बॅगेत नव्या साड्या होत्या, त्यांच्यावरचे ब्लाउज नव्यानं शिवलेले होते, आणि कानात आजीच्या कुड्या होत्या. या बाईला हो म्हणायचं आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आमच्या हाती जेमतेम दोन-तीन दिवस होते. ते गेले की पुन्हा नागपूर, पुन्हा आमचं घर, आणि तिथे गेल्यावर आत्या स्वतःसाठी काही मागणार नाही, याची मला खात्री होती.

कारखानीसांचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे ते जन्मले-वाढले कलकत्त्यात. आई लहानपणीच गेली आणि शाळा डोंगरातल्या बोर्डिंगची. "तिथे वाढपी एकदाच विचारत असे," ते सांगायचे, "आणि पुढच्या मुलाकडे जात असे." पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ते दर रविवारी तिथल्या एका इंग्रजी दैनिकात लिहीत. शौकीन प्रवाशानं या शहरात कुठे उतरावं, कुठे जेवावं, संध्याकाळी कुठे बसून काय प्यावं, हा त्यांचा विषय. ते आत आले की हॉटेलांचे मॅनेजर उठून उभे राहायचे. आमची खोलीही त्यांनीच ठरवून दिली होती. त्यांच्या घरी आम्ही उतरणं बरं दिसलं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दमलेल्या पाहुण्याला पहिल्या संध्याकाळी एकटं सोडावं, हाही त्यांचाच नियम. म्हणून त्या सूपच्या वेळी ते आमच्याबरोबर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. करडा सूट, बारीक मिशी, हातात घडी घातलेली छत्री, आणि मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ.

"खोली कशी आहे, हेमलताबाई?"

"छान आहे. पण रस्त्याकडची असती तर गंमत दिसली असती."

"रस्त्याकडची खोली पत्रात वर्णन करायला बरी असते. झोपायला अंगणाकडचीच घ्यावी," ते म्हणाले. "आणि काल जेवण कसं होतं?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"उत्तम," आत्या म्हणाली.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला जे शहर दाखवलं ते मी अजून विसरलेले नाही. आधी ट्रामनं मैदानाच्या कडेकडेनं नेलं. मग एका जुन्या बेकरीत, जिथे केकवर काचेची झाकणं होती. जेवायला नेहमी म्हातारे वेटर असतील तिथे जावं, असं ते म्हणत, कारण मालक वाईट असेल तर तिथे कुणी म्हातारं होईपर्यंत टिकत नाही. नव्या हॉटेलात शिरलं की आधी नुसता चहा मागवावा. चहा बिघडला असेल तर उठावं, राग मानू नये. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की मला हसू यायचं, आणि मग त्यांनाही यायचं.

एक गोष्ट मात्र ठरलेली होती. ते आत्याला एकदाच विचारायचे.

"पेस्ट्री घेणार?"

"नको."

"बरं," आणि ते आपली पेस्ट्री चवीनं खायचे. आत्या त्यांच्या काट्याकडे बघत बसायची. मी माझी खाऊन झाल्यावर दुसरी मागवायची.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला नदीकाठच्या एका जुन्या हॉटेलाच्या व्हरांड्यात नेलं. वेताच्या खुर्च्या होत्या, समोर हुगळीत होड्या आणि पाण्यावर केशरी ऊन. सूर्य बुडायच्या आधीचा पेला हा दिवसातला सर्वांत शहाणा पेला, असं ते म्हणाले. स्वतःसाठी त्यांनी जिन आणि टॉनिक मागवलं.

"हेमलताबाई, तुम्ही घेणार थोडी जिन?"

"अय्या! नको बाई, भलतंच काय."

"बरं. एक लिंबाचं सरबत," ते वेटरला म्हणाले.

आत्या सगळं सरबत मुकाट्यानं प्यायली. हॉटेलवर परतल्यावर मात्र चपला काढता काढता फणकारली. "एकदा तरी आग्रह करायचा ना माणसानं! चमचाभर चव घेतली असती तर काय मी लगेच झिंगणार होते?"

"आत्या, तुला हवी होती?"

"हवी-बिवी काही नाही. पण विचारायची एक पद्धत असते."

पुढच्या दुपारी त्यांनी आम्हाला पार्क स्ट्रीटवर जेवायला नेलं. तिथले वेटर खरोखरच एवढे म्हातारे होते की त्यांनीच खाली बसावं आणि आपण वाढावं असं वाटत होतं. आत्यानं मोरपंखी साडी नेसली होती. ती इतकी सुरेख दिसत होती की कारखानीस मेनूकार्ड उलटं धरून बराच वेळ वाचत होते.

जेवण निम्म्यावर आल्यावर त्यांनी सुरी आणि काटा बशीत शेजारी शेजारी ठेवले.

"हेमलताबाई, मला एक विचारायचं आहे. सुनेत्रा इथे आहे, पण ती असली तरी हरकत नाही, उलट बरंच आहे. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?"

मी घास तोंडात तसाच धरून ठेवला. आत्याच्या गालांवर लाली चढली, डोळे चमकले, हात पदराकडे गेला. आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं,

"अहो, काहीतरीच काय! नको. या वयात कुठे आता? राहू द्या."

ती संकोचून हसली आणि जरा सरसावून बसली. ते बसणं मी ओळखलं. सूप आलं तेव्हा ती अशीच बसली होती.

कारखानीसांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "पुदिन्याची चटणी चांगली असते इथली. सुनेत्रा, घे ना."

आत्याचा चेहरा कस्टर्ड गेलं तेव्हा झाला होता, तसा झाला. पण त्या वेळी मला हसू आलं होतं, या वेळी आलं नाही. मी टेबलाखालून आत्याला पाय मारला. तिनं तो बाजूला केला आणि हात धुवायला म्हणून उठून गेली.

ती दिसेनाशी झाल्याबरोबर मी कारखानीसांवर तुटून पडले. "काका, तुम्ही असं काहून केलं? परत विचारा ना तिला!"

"त्या नको म्हणाल्या, बाळ."

"ते पहिलं नको होतं! आमच्याकडे पहिलं नको कुणी धरतच नाही. दुसरंही धरत नाहीत."

"मग तिसरं?"

"तिसऱ्याला वाढतात."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "आणि एखाद्याला मनापासून नको असेल तर तो काय करतो तुमच्याकडे?"

"ताटावर दोन्ही हात आडवे धरतो. पार ओणवा होतो."

"मग सोडतात?"

"नाही," मला कबूल करावं लागलं. "बोटांच्या फटीतून वाढतात."

ते हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग रुमालानं डोळे पुसले आणि तो रुमाल जरा जास्तच वेळ डोळ्यांवर धरला.

"सुनेत्रा, त्यांनी हो म्हणावं म्हणून मी वर्षभर जीव टांगणीला लावून बसलो आहे. पण त्यांच्या नकोला मी किंमत दिली नाही, तर त्यांच्या होला तरी काय किंमत राहिली? त्यांना आजवर बोटांच्या फटीतून वाढणारेच भेटले असतील. मला त्यांच्यातला एक व्हायचं नाही."

हे बरोबर होतं, म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला. तेवढ्यात आत्या परत आली आणि तिघांनीही हवेबद्दल बोलायला सुरुवात केली.

हॉटेलवर परतल्यावर आत्यानं बॅग उघडली आणि नेसून झालेल्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. एकेक घडी दाबून दाबून घालत होती. अंगणातल्या झाडावर कावळ्यांची संध्याकाळची शाळा भरली होती.

"मला एकदा जबलपूरचं स्थळ आलं होतं, माहीत आहे तुला?" ती एकदम म्हणाली.

"नाही. बाबा कधी बोलले नाहीत."

"तो काय बोलणार? अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. तू वहिनीच्या पोटात. मुलगा चांगला होता, कॉलेजात शिकवायचा. पसंती कळवून राहिले होते ते लोक. दादानं मला विचारलं, 'हेमे, काय करायचं गं?' मी म्हटलं, 'माझं राहू दे, मला नको.'"

"मग?"

"मग काय! मला वाटलं, तो परत विचारेल. आपल्या घरात जास्तीच्या पोळीला तीनदा विचारतात, सुनी. भाताला विचारतात, ताकाला विचारतात. मी दारापाशी उभी राहिले होते. दादा म्हणाला, 'बरं,' आणि त्याच दिवशी जबलपूरला पत्र टाकून मोकळा झाला."

माझ्या बाबांचा असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. ते प्रेमळ होते, अजूनही मी तेच म्हणेन. पाहुण्याला उपाशी जाऊ न देणारा माणूस. मी जे तोंडात आलं ते बोलले.

"म्हणजे कारखानीसही बाबांसारखेच निघाले."

"नाही," आत्या म्हणाली. घडी हातात तशीच राहिली. "दादा 'बरं' म्हणाला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला होता. मी डोळ्यांनी बघितलं. यांनी 'बरं' म्हटलं आणि त्यानंतर यांच्याच्यानं घास गिळवेना. तू चटणी खाऊन राहिली होतीस, तुला काय दिसणार."

"मग सांग ना त्यांना!"

"काय सांगू?"

"हो म्हणून."

"आपणहून?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला हावडा स्टेशनावर नाच म्हणाले होते. "असं आपणहून कोण सांगतं?"

"आत्या, ते परत विचारणार नाहीत. जन्मात विचारणार नाहीत." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, ताटावरचे आडवे हात, बोटांच्या फटी, सगळं.

तिनं हातातली साडी बाजूला ठेवली.

"असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"बोटांच्या फटीतून," ती स्वतःशीच म्हणाली आणि आपल्या हातांकडे बघत पलंगाच्या कडेला बसली. त्या संध्याकाळी ती जेवायला खाली आलीच नाही. डब्यातली शेवटची बर्फी तिनं मला दिली. मी तिला एकदाच विचारलं, ती नको म्हणाली, आणि मी ती खाऊन टाकली. तेवढं मी त्या दोन दिवसांत शिकले होते.

सकाळी आम्ही नाश्त्याला खाली आलो तेव्हा कारखानीस आधीच येऊन बसले होते. आम्हाला हावड्याला पोचवायला आले होते. बरोबर प्रवासासाठी संदेश मिठाईचा पुडा, डोळे जागरणानं लाल, पण टायची गाठ सरळ. झोप कशी लागली, गाडीत खिडकीची जागा आहे ना, नागपुरात थंडी असेल का, असं सगळं त्यांनी विचारलं. त्यांनी एका शब्दानं कालचं काढलं नाही, चेहऱ्यावर आणलं नाही, रुसले नाहीत. नको ऐकलेला माणूस इतका नीट वागू शकतो, हे मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

पहिल्या दिवशीचाच वेटर टोस्ट घेऊन आला. वाकला. "टोस्ट, मेमसाहब?"

"नहीं, बस," आत्या म्हणाली.

तो वळला. एक टेबल ओलांडून गेला, दुसरं ओलांडलं. आत्याचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मग एकाएकी ती खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"सुनिए!"

सगळ्या डायनिंग हॉलमधल्या माना वळल्या. खिडकीशी बसलेल्या एका साहेबानं वर्तमानपत्र खाली केलं. वेटर जागच्या जागी थबकला.

"चाहिए," आत्या म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण खणखणीत होता. "मुझे टोस्ट चाहिए. मक्खन चाहिए. वो संतरे का मुरब्बा चाहिए. और अगर वो पहले दिन वाला कस्टर्ड होगा, तो वो भी चाहिए."

"अभी लाया, मेमसाहब," वेटर म्हणाला. सकाळच्या नाश्त्याला कस्टर्ड कुणी मागत नाही, पण त्याच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही.

आत्या खाली बसली नाही. ती तशीच कारखानीसांकडे वळली.

"काल तुम्ही मला एक विचारलंत. मी नको म्हणाले."

"हो," कारखानीस म्हणाले. तेही उभे राहिले, कारण बाई उभी असताना ते बसत नसत.

"ते तुम्ही ऐकलंत. मला राग आला होता. पण माझं नको असं सरळ मनानं आजवर कुणीच ऐकलं नाही हो. ज्यांनी ऐकलं त्यांनी सोयीचं होतं म्हणून ऐकलं." तिनं श्वास घेतला. "आता हे ऐका. मला हवं आहे. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."

कारखानीसांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढी हॉटेलं पाहिलेला, एवढ्या टेबलांवर बसलेला तो माणूस पार गोंधळून गेला.

"नक्की?" ते म्हणाले.

"नक्की."

"म्हणजे, तुम्ही नीट विचार केलात? अगदी नक्की ना?"

"अहो कारखानीस," आत्या म्हणाली, आणि इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती, "एकदा सांगितलं ना! आता आग्रह नको."

तेवढ्यात कस्टर्ड आलं. तिनं ते सगळं एकटीनं खाल्लं. मला विचारलंदेखील नाही.

नागपुरात जे वादळ उठलं ते सांगत बसत नाही. या वयात, लोक काय म्हणतील, घराचं कसं होईल, सगळं झालं. बाबा सर्वांत जास्त चिडले होते आणि का चिडले आहेत ते त्यांना सांगता येत नव्हतं. आत्यानं बदलीचा अर्ज केला, फाल्गुनात कलकत्त्यात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बाबा गेले नाहीत. पुढच्या दिवाळीत मात्र आत्याचं बोलावणं आलं, आणि आईनं त्यांना मुद्दाम माझ्याबरोबर धाडलं.

कारखानीसांचं घर अंगणाकडे तोंड करून होतं. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. संध्याकाळी तिथे आत्या पेल्यात थोडी जिन घेऊन बसली, तेव्हा बाबांनी मान इतकी वळवली की त्यांना उसण भरली असावी.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला आत्यानं पाकातल्या पुऱ्या केल्या. बाबांचा जीव की प्राण. आधीच्या दोन पुऱ्या त्यांनी खाली मान घालून संपवल्या. मग आत्या तबक घेऊन त्यांच्यापाशी आली.

"दादा, आणखी पुरी?"

"नको, नको. पुरे आता," बाबा म्हणाले आणि जरा सरसावून बसले.

आत्या त्यांच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली आणि तबक घेऊन निघाली.

बाबा तिच्या पाठीकडे बघतच राहिले. कारखानीसांनी आपल्या पानातल्या लिंबाच्या फोडीत एकाएकी फार लक्ष घातलं. बाबा रिकाम्या ताटाकडे बघत होते, पुन्हा तिच्याकडे, पुन्हा ताटाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. काय झालं ते त्यांना कळलं होतं, आणि पुरीबद्दल ते नव्हतं.

"हेमे," ते म्हणाले.

आत्या थांबली. वळली नाही.

"तेव्हा मी परत विचारायला हवं होतं तुला."

"हो दादा," आत्या म्हणाली. "हवं होतं."

मग बाबांनी घसा खाकरला.

"मला हवी आहे," ते म्हणाले. "पुरी."

आत्या परत आली, डोळ्यांतलं पाणी न पुसता तिनं त्यांच्या पानात दोन पुऱ्या वाढल्या आणि त्यांच्यावर वाटीभर पाक ओतला.